आता उघडलंच आहे तर...

जुन्या सोसायटीच्या पार्किंगमधली एक फरशी बाकीच्या फरश्यांहून काळी असते. तिच्यावर पुठ्ठा अंथरलेला असतो. पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातून बाद झालेली स्टीलची ताटली, ताटलीत डिझेलमध्ये भिजत पडलेले नट-बोल्ट आणि शेजारी प्लास्टिकचं बुटकं स्टूल. रविवारी सकाळी सातपासून त्या स्टुलावर एक साठीतला गृहस्थ बसलेला दिसतो. ऑफिसातून निवृत्त झालेला फॉर्मल शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, खिशात पेनाच्या जागी फीलर गेज. येता-जाता कुणी ‘काय काका, गाडी बिघडली का?’ म्हणून विचारलं की हा गृहस्थ मनातून दुखावतो. गाडी बिघडलेली नसते. गाडी सुधारत असते.

आमच्या सोसायटीत हे पद बुलेटकाकांकडे आहे. त्यासाठी निवडणूक कधी झाली नाही, कारण दुसरा उमेदवार कधी मिळाला नाही.

काकांची बुलेट १९७४ सालची, साडेतीनशे सीसीची, मद्रासला बनलेली. ती त्यांच्याकडे वडिलांकडून आली, त्यामुळे तिच्याविषयी बोलताना ‘घेतली’ हा शब्द ते वापरत नाहीत, ‘आली’ म्हणतात. गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली. म्हणून ते गाडीला कुलूप लावत नाहीत. चोर पहिल्याच चौकात ब्रेक समजून गियर दाबील आणि आपोआप सापडेल, असा त्यांचा विश्वास आहे. शिवाय त्याआधी चोराला गाडी चालू करता आली पाहिजे. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच दाबत न्यायची, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा आणि मग अंगातलं सगळं वजन किकवर टाकायचं. हा विधी काकांना आता झोपेतही येतो. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे तो ते झोपेतच करतात आणि पलंगाला त्याची सवय झालेली आहे.

काकांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे: जुनी गाडी मूळ स्वरूपातच राहिली पाहिजे. फक्त हे वाक्य दुसऱ्यांच्या गाड्यांना लागू आहे. दुसऱ्यानं साधा नवा आरसा लावला तरी ती ‘विटंबना’. स्वतः काही बदललं तर ‘कंपनीच्या मनात तेव्हा हेच होतं, त्यांना जमलं नाही एवढंच.’ कंपनीच्या मनातलं काकांना इतकं ठाऊक, की कंपनीनं वेळीच विचारलं असतं तर बराच खर्च वाचला असता.

पन्नास वर्षांच्या गाडीतले दोष एकत्र कुटुंबातल्या माणसांसारखे एकमेकांना सांभाळून घेत असतात. पुढचा ब्रेक लागत नाही, म्हणून पुढच्या चिमट्याचा ढिलेपणा उघड होत नाही. चिमटा ढिला आहे, म्हणून हँडलच्या कोन सेटमध्ये छर्‍यांनी पाडलेले खड्डे जाणवत नाहीत. आणि हे सगळं इंजिनाच्या थरथरीत बुडून जातं. घरात धुसफूस असते, पण चूल एकच असते. अशा घरात एकालाच हाताशी धरून शहाणं करायला घेतलं, की उरलेल्यांचं खरं रूप बाहेर पडतं. काकांच्या गाडीत हा मान चिमट्याला मिळाला.

ज्यांना मोटारसायकल फक्त चालवता येते त्यांच्यासाठी सांगायला हवं, की चिमटा म्हणजे हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत उतरलेले दोन पाय. गॅरेजात त्यालाच शॉकअप म्हणतात. प्रत्येक पायात वरची पोलादी नळी खालच्या नळकांड्यात सरकते. आत स्प्रिंग असते आणि तेल असतं. खड्डा आला की स्प्रिंग दबते. दबल्यावर ती पुन्हापुन्हा नाचत राहू नये म्हणून तेलाला बारीक भोकांतून वाट काढायला लावलेलं असतं आणि त्या ओढाताणीत धक्का विरतो. तेल बाहेर पडू नये म्हणून नळकांड्याच्या तोंडाशी रबराचं सील. सीलच्या ओठाला नळीवर आवळून धरायला एक बारीकशी गोल स्प्रिंग. इतका सगळा बंदोबस्त मोडायला नळीवर गंजाचा एक ठिपका पुरतो. प्रत्येक खड्ड्याला तो ठिपका वर-खाली जातो आणि प्रत्येक वेळी ओठ थोडा कापतो. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत हे काम लवकर उरकतं.

काकांच्या गाडीचा उजवा पाय पाझरू लागला. स्वतः काकांचा डावा गुडघा बरेच महिने दुखत होता, पण गुडघा थांबू शकत होता. चिमट्याचं तसं नव्हतं. तेल ओघळून टायरवर उतरत होतं.

पहिला उपाय घरगुती होता. सीलच्या ओठात कचरा अडकला असेल तर कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी नळी आणि सील यांच्यामध्ये सरकवून गोल फिरवायची. कचरा निघून येतो आणि गळती थांबते. ही युक्ती खरोखर चालते आणि जगभरचे मेकॅनिक ती वापरत आलेले आहेत. अडचण एवढीच, की आता फिल्म मिळते कुठे? काकांना मिळाली. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, पिवळट पाकिटात.

दोन दिवसांनी काकूंना ताटलीशेजारी ती पट्टी सापडली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. तेलात माखलेले, काळ्याचे पांढरे झालेले चार चेहरे आणि मध्ये एक फेटा.

‘हा माझा मामा आहे,’ काकू म्हणाल्या.

‘अगं, पण किती पातळ आहे बघ,’ काका कौतुकानं म्हणाले. ते फिल्मविषयी बोलत होते.

गळती थांबली नाही. कचरा नव्हताच, गंज होता. मामा उगाच कामी आले.

खरं म्हणजे इथे एक मध्यममार्ग होता. सीलची जोडी फारशी महाग नसते. गंजलेल्या नळ्या हार्ड क्रोम करून, घासून पुन्हा बसवता येतात, किंवा सरळ नव्या नळ्या मिळतात. दोन रविवारांत मामला संपला असता. पण चिमटा उतरवून, नळ्या पुठ्ठ्यावर आडव्या ठेवून काका स्टुलावर बसले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या जमातीचा मूळ मंत्र म्हटला: ‘आता उघडलंच आहे तर...’

हे वाक्य जगात आजवर कुणीही पूर्ण केलेलं नाही. ते पूर्ण करायची गरज पडत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला पुढचं समजतं, विशेषतः बायकोला.

विषय रविवारच्या सभेपुढे गेला. ही सभा एका टपरीवर भरते. तिथे सात-आठ जुन्या गाड्या फुटपाथला तिरक्या लावलेल्या असतात आणि त्यांचे मालक कटिंग हातात घेऊन एकमेकांच्या गाड्यांतले दोष सांगत उभे असतात. पुण्याला हा वाद नवा नाही. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, यावर या गावानं एका पिढीची झोप घालवली आणि आगरकरांना १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढावा लागला. टपरीवर प्रश्न होता, आधी चिमटा की आधी ब्रेक. पक्ष मात्र जुनेच होते. सनातनी म्हणाले, नळ्या क्रोम करा आणि मूळच्याच घाला, नटसुद्धा बदलू नका. मवाळ म्हणाले, अलीकडच्या बुलेटचा चिमटा घाला, त्याबरोबर डिस्क ब्रेक येईल, लांबून कुणाला कळणार नाही. जहाल पक्षात एकच सभासद होता, वय पंचवीस, दंडावर पिस्टन गोंदवलेला. तो म्हणाला, ‘काका, सरळ उलटा चिमटा टाका.’

उलटा चिमटा म्हणजे स्पोर्ट्स बाइकला असतो तो. जाड नळकांडं वर, बारीक नळी खाली. तो वळणावर कमी वाकतो, जोरात ब्रेक मारला तरी डगमगत नाही, हे सगळं खरं आहे. पण १९७४ च्या बुलेटला उलटा चिमटा, या कल्पनेनं सनातन्यांपैकी एकाच्या हातातला चहा सांडला. काका त्या मुलाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, ‘तुझे वडील काय करतात?’

मग काकांनी स्वतःची भूमिका मांडली. ती मांडताना ते नेहमीप्रमाणे १९३५ पासून सुरू झाले. त्या साली बीएमडब्ल्यूनं आर-१२ या गाडीवर तेलाच्या दाबावर चालणारा सरकत्या नळ्यांचा चिमटा आणला. त्याआधी बहुतेक गाड्यांना गर्डर असायचा. म्हणजे लोखंडी चौकट, मध्ये एक स्प्रिंग आणि धक्का कमी-जास्त करायला हातानं पिळायची चकती. महायुद्धात इंग्रजांना शत्रूची युक्ती पटली आणि १९४१ मध्ये मॅचलेसनं लष्करी गाडीला तसाच चिमटा लावला. युद्ध संपल्यावर रॉयल एनफिल्डनं बुलेटला लावला. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सनं रेडिचच्या कंपनीशी भागीदारी केली आणि पुढे तो चिमटा आपल्याकडेच बनू लागला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला तरी आपल्याकडे तो बनतच राहिला. ‘म्हणजे काय?’ काकांनी रिकामा ग्लास सभेपुढे धरून विचारलं. ‘म्हणजे चिमटा बदलणं हीच मूळ परंपरा आहे. मी बदलला नाही, तर परंपरा मोडेल.’

सभेनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चहाचे पैसे काकांनाच द्यायला लावले. याचा अर्थ ठराव मंजूर.

नाना पेठेतले उस्ताद या जमातीच्या प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असतात. ते कमी बोलतात. कुठल्याही गाडीला कुठलाही भाग बसेल का, असं विचारलं की सुपारी कातरता कातरता ‘बसेल’ म्हणतात. त्यांच्या व्यवसायाचा सगळा पाया या तीन अक्षरांवर उभा आहे. ‘बसेल’ म्हणजे आपोआप बसेल असं नाही. ‘बसेल’ म्हणजे लेथ आहे, हातोडा आहे, आणि तुमच्याकडे पैसे आहेत.

चिमटा जुन्या बाजारात मिळाला. अपघातात मोडलेल्या एका अलीकडच्या बुलेटचा. डिस्क, कॅलिपर, चाक आणि टी यांच्यासकट. टी म्हणजे दोन्ही पायांना वर-खाली एकत्र धरणारी जोखडासारखी पट्टी आणि तिच्यातून निघून चासीच्या मानेत जाणारा दांडा. अपघाताचा माल म्हटल्यावर नळी वाकलेली नाही ना, हे पाहायलाच हवं. त्यासाठी ती सपाट काचेवर लोळवायची आणि नळी व काच यांच्यामधून उजेड डोकावतो का ते बघायचं. काकांनी शेजारच्या घड्याळवाल्याच्या शोकेसवर नळी ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी हलक्या हातानं मागे-पुढे करू लागले. डोळा काचेला टेकवलेला. आत टायटनची घड्याळं.

‘काका,’ घड्याळवाला म्हणाला, ‘घ्यायचीय की लाटायचीय?’

नळ्या सरळ निघाल्या. अडचणी तिथून सुरू झाल्या.

जुन्या बुलेटच्या चिमट्याचं डोकं म्हणजेच हेडलाइटचं घर. त्यातच स्पीडोमीटर, त्यातच अ‍ॅमीटर आणि दोन बाजूंना वाघाच्या डोळ्यांसारखे दोन छोटे दिवे. बुलेटची बुलेट म्हणून जी ओळख आहे ती या चेहऱ्यामुळे. डोकं जुनं ठेवायचं आणि पाय नवे लावायचे, असा काकांचा आग्रह होता. उस्ताद ‘बसेल’ म्हणाले. मग टीचा दांडा चासीच्या मानेत घालून पाहिला, तर लांबी जुळेना. बेअरिंगचं मापही वेगळं. काका व्हर्निअर घेऊन लेथवाल्याकडे गेले. लेथवाल्यानं बुश हातात खेळवत सांगितलं, ‘एक सूत घ्यावं लागेल.’

‘तीन पॉइंट एक सात पाच मिलिमीटर,’ काका म्हणाले.

‘तेच ते. एक सूत.’

‘तेच ते नाही. सूत म्हणजे अंदाज. माप म्हणजे माप.’

लेथवाल्यानं एक सूत घेतलं. ते नेमकं तीन पॉइंट एक सात पाच भरलं. काकांनी उलटसुलट तीनदा मोजलं आणि मग आपला व्हर्निअर बिघडला असावा, अशी शंका व्यक्त केली.

शिवाय जुनी गाडी इंची, नवा चिमटा मिलिमीटरचा. काकांच्या पेटीतले विटवर्थ पाने वडिलांच्या काळापासूनचे. ते नव्या नटांवर एक तर चढत नाहीत, किंवा चढले की सरकून नटाचे कोपरे गोल करतात. दशमान पद्धत देशात येऊन अर्धशतक उलटलं होतं. काकांच्या गाडीत ती आत्ता आली आणि तीसुद्धा पुढच्या चाकापासून टाकीपर्यंतच. टाकीच्या मागे अजून राणीचं राज्य आहे. सीमेवर काकांनी टाकीखाली एक छोटी पट्टी चिकटवून ‘इथून पुढे इंच’ असं लिहून ठेवलंय.

याच सुमारास कायद्याचा प्रश्न निघाला. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे, की नोंदणीतल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काकांना पाठ आहे. त्यात २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं ‘व्हिंटेज’ गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात जपलेली हवी, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत. मग नव्यानं नोंदणाऱ्या गाडीला पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, त्यानंतरच्या फेरनोंदणीचं पाच हजार. काकांची गाडी नुकतीच पन्नाशी ओलांडून या मानाला पात्र झालेली. पन्नास वर्षं गाडी जशीच्या तशी ठेवली आणि मान मिळायच्या तोंडावर तिचे पाय बदलायला काढले. सनातनी पक्षानं हा मुद्दा फार गोड आवाजात मांडला.

काका आठवडाभर विचारात होते. चिमटा हा चासीचा भाग की चासीला जोडलेला उपरा? आत्मा बदलत नाही, देह बदलतो, हे गीतेनं सांगून ठेवलेलं आहे, पण आरटीओत गीता चालते की नाही याची खात्री नव्हती. शेवटी त्यांनी तोडगा काढला. जुना चिमटा नळी-स्प्रिंग-नटांसकट जपून ठेवायचा, म्हणजे कागदपत्रांच्या वेळी तो ‘अर्ध्या तासात’ परत बसवता येईल. ज्याला बसवायला उस्तादांना तीन आठवडे लागत होते तो काढून जुना अर्ध्या तासात बसणार, या गणिताकडे कुणी लक्ष वेधलं नाही. चिमट्याला ग्रीस फासलं, वर वर्तमानपत्र गुंडाळलं आणि तो दिवाणात ठेवला. दिवाणातल्या काकूंच्या दोन पैठण्या कपाटात गेल्या. कपाटातली पिवळट पाकिटं काकूंनी माहेरी पाठवली. सुरक्षित.

नवा चिमटा जुन्यापेक्षा किंचित आखूड निघाला आणि काकांच्या आयुष्यात भूमिती आली. हँडलचा दांडा सरळ रेषेत खाली वाढवत नेला तर ती रेषा जमिनीला जिथे लागते, त्याच्या थोडं मागे पुढचं चाक जमिनीला टेकलेलं असतं. या दोन बिंदूंमधल्या अंतरावर गाडीचा स्वभाव ठरतो. अंतर जास्त झालं तर गाडी सरळ जाते, पण वळायला हट्ट करते. कमी झालं तर पटकन वळते, पण हँडल बेचैन होतं. चिमटा आखूड झाला की पुढचा भाग खाली बसतो आणि हे अंतर घटतं. काकांनी ते मोजायचं ठरवलं. ओळंबा, दोरा, खडू आणि लाकडी फूटपट्टी घेऊन ते पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसले, दुखऱ्या गुडघ्यासकट. ओळंबा हँडलवरून सोडला, फरशीवर एक रेघ ओढली, मग दुसरी, मग दोघींना छेदणारी तिसरी.

वॉचमननं सोसायटीच्या चेअरमनना फोन केला, की बुलेटकाका पार्किंगमध्ये हद्दीच्या खुणा करताहेत. चेअरमन बनियनवर खाली आले.

‘ही रेघ माझ्या गाडीच्या जागेत येते,’ ते म्हणाले.

‘ही रेघ तात्त्विक आहे,’ काका म्हणाले.

‘तात्त्विक असली तरी सहा इंच माझ्या जागेत आहे.’

त्या रेघांवर पुढच्या सर्वसाधारण सभेत पाऊण तास चर्चा झाली आणि इतिवृत्तात ‘ओळंबा’ हा शब्द प्रथमच नोंदला गेला. काकांनी तोवर नळ्या टीमध्ये थोड्या खाली सरकवून पुढचा भाग उचलून घेतला होता. चेअरमनना मात्र अजूनही वाटतं, की आपण विरोध केल्यामुळे रेघा पुसल्या गेल्या.

राहिला स्प्रिंगचा ताण. माणूस बसल्यावर चिमटा किती दबावा याचा एक ढोबळ हिशेब आहे. एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश. त्याहून जास्त दबला तर खड्ड्यात तळ गाठतो, कमी दबला तर दगडासारखा लागतो. मोजायचं कसं? नळीवर प्लास्टिकचा बंद आवळायचा, गाडीवर बसायचं, हळूच उतरायचं आणि बंद किती सरकला ते पाहायचं. बसायला काका हवेत आणि मोजायला दुसरं कुणीतरी. काकू शिवणाची टेप गळ्यात घालून खाली आल्या. काका गाडीवर हेल्मेट, जाकीट आणि बूट घालून बसले, कारण खरं वजन तेच.

‘किती?’

‘भरपूर,’ काकू म्हणाल्या.

‘आकडा सांग.’

त्यांनी आकडा सांगितला. तो निम्म्याच्या आसपास होता. अशा वेळी स्प्रिंगवर नळीचा तुकडा ठेवून ताण वाढवतात. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप त्याला उत्तम चालतो आणि बाथरूमच्या कामातला तुकडा काकांनी याच दिवसासाठी जपून ठेवला होता. ते पाइपावर खूण करत असताना काकूंनी टेप गुंडाळली.

‘पाइप वाढवण्यापेक्षा तुम्ही वजन कमी करा,’ त्या म्हणाल्या. ‘गुडघ्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. दोन्ही कामं एका खर्चात होतील.’

काका काही बोलले नाहीत, पण पाइप एक सूत कमी कापला. मग तेल. पंधरा नंबरचं की वीस नंबरचं, यावर सभेत दोन रविवार गेले. पातळ तेलानं चिमटा चपळ होतो, जाड तेलानं गंभीर. काकांनी पंधरा घातलं, दोन्ही पायांत अगदी समान. ते मोजायला केकचं मोजपात्र वापरलं. त्या महिन्यापासून त्यांच्या घरी केक विकतचा येतो.

आणि एके दिवशी गाडी तयार झाली. चिमटा खरंच चांगला होता. इतकी वर्षं खड्डे चुकवत आलेला माणूस आता खड्डे शोधत निघाला. वळसा घालून दांडेकर पुलाकडे जायचा, नव्यानं खोदलेल्या गल्लीत मुद्दाम शिरायचा आणि परत येऊन सांगायचा, ‘तो ड्रेनेजच्या झाकणाचा होता ना? जाणवलासुद्धा नाही.’ रस्त्याची दुरुस्ती झाली की तो खिन्न व्हायचा.

मात्र पुढची बाजू सुसंस्कृत झाल्यामुळे मागची बाजू किती अडाणी आहे, ते कळलं. पुढचं चाक खड्ड्यातून अलगद जायचं आणि पाठोपाठ मागचं चाक काकांच्या कमरेला निरोप द्यायचं. म्हणजे मागचे शॉकअप आले. ते काढल्यावर स्विंग आर्मचे बुश गेलेले दिसले. बुश काढायचे तर मागचं चाक काढावं लागतं. चाक काढलंच आहे तर स्प्रॉकेट आणि चेन. काकूंनी दिवाणातली उरलेली जागा स्वतःहून रिकामी करून दिली. पैठण्यांचं नंतर बघू म्हणाल्या.

खरा चमत्कार ब्रेकचा होता. मूळच्या ड्रमच्या दिवसांत काकांच्या गाडीचा पुढचा ब्रेक ही विनंती असायची. सिग्नलला थांबायचं तर काका आधीच्या चौकापासून अर्ज करायचे, आणि तो बहुतेक वेळा फेटाळला जायचा. पुढच्या रिक्षेचं मडगार्ड, टेम्पोचा फाळका, एकदा एका लग्नाच्या गाडीची फुलं, असे अनेक टप्पे काकांनी त्या ब्रेकवर गाठले. आता डिस्क आली. दोन बोटांनी लीव्हर ओढला की गाडी जागच्या जागी उभी. काका रस्त्यात विनाकारण थांबू लागले. भाजी घ्यायला निघाले की वाटेत चार ठिकाणी थांबून, प्रसन्न चेहऱ्यानं इकडेतिकडे पाहून पुढे जायचे.

एवढ्या सगळ्या अभ्यासात एक गोष्ट राहून गेली. या जुन्या गाडीचा मागचा लाल दिवा लावणारी कळ पायाच्या ब्रेकला जोडलेली. पुढच्या ब्रेकला कळ नाही. पूर्वी तिची गरजही नव्हती, पुढच्या ब्रेकनं गाडी थांबतच नसे. आता ती थांबायची, झटकन थांबायची आणि मागे कुणाला पत्ता लागायचा नाही.

टिळक रस्त्यावर एका संध्याकाळी सिग्नल पिवळा झाला. काकांनी दोन बोटं ओढली. बुलेट थांबली. पाठीमागून येणारी रिक्षा तशी थांबली नाही. मागचं मडगार्ड चेपलं, नंबरप्लेट वाकली, कुणाला लागलं मात्र नाही. रिक्षावाला उतरला तो आवाज चढवायच्या तयारीनंच. पाहतो तर म्हातारा हेल्मेट काढून हसतोय.

‘अहो, बघा!’ काका रिक्षावाल्याचा हात धरून म्हणाले. ‘इतकी वर्षं मी पुढच्याला धडकत होतो. आज पहिल्यांदा मागचा मला धडकला. ही सुधारणा आहे!’

रिक्षावाल्यानं एकदा डिस्ककडे पाहिलं, एकदा न लागलेल्या लाल दिव्याकडे पाहिलं. मागे हॉर्न वाजू लागले होते.

‘सुधारणा करा की काका,’ तो म्हणाला, ‘पण मागच्यांना कळवत जा.’